राजर्षी शाहू महाराज : आखाडा, रंगमंच आणि लोक

मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. चरित्रकार व्यक्तीच्या आयुष्यातील सर्वच घटना सांगत नसतो. एखादे सूत्र हाती धरून तो निवड करतो, हेही आपल्या लक्षात आले असेल. या घटकासाठी घेतलेले चरित्र कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे आहे. महाराष्ट्राला ते ठाऊक आहेत ते आरक्षणाचा जाहीरनामा काढणारे, वसतिगृहे उभारणारे आणि अस्पृश्यतेवर घाव घालणारे राजे म्हणून. ही ओळख यथार्थच आहे. येथे मात्र त्यांच्या आयुष्याची एक वेगळी बाजू मध्यभागी ठेवली आहे. कुस्ती, नाटक, गायन, चित्रकला यांत सामान्य माणसाने भाग घ्यावा, निदान त्याला ते समोर बसून पाहता-ऐकता यावे, यासाठी या राजाने काय केले आणि त्याच्या करण्याला मर्यादा कोणत्या होत्या, एवढाच हा विषय आहे.

आरंभीच एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. उत्तरपत्रिका तपासताना साताऱ्याचे थोरले शाहू महाराज आणि कोल्हापूरचे शाहू महाराज यांची सरमिसळ झालेली मी अनेकदा पाहिली आहे. शिक्रापुरापासून जवळच असलेल्या पाबळला मस्तानीची कबर आहे. तिच्या काळचे, म्हणजे पहिल्या बाजीरावाचे धनी असलेले शाहू छत्रपती वेगळे. ते 1749 मध्ये वारले. आपले चरित्रनायक त्यांच्यानंतर सव्वाशे वर्षांनी जन्मले.

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या पश्चात राणी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांचा हा मुलगा शाहू छत्रपती झाला. आईचे छत्र त्याआधीच हरपले होते. पुढे दोन वर्षांत वडीलही गेले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिक्षण झाले. 1891 मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला आणि 2 एप्रिल 1894 रोजी, विसाव्या वर्षी, राज्याचा अधिकार हाती आला.

शरीराने ते धिप्पाड होते. कुस्तीचा नाद लहानपणापासूनचा, आणि तो केवळ पाहण्याचा नव्हे. राजेलोकांना मल्ल पोसण्याची हौस असे. त्यात नवल नव्हते. हत्ती, चित्ते, शिकारी कुत्रे बाळगावेत तसे पैलवान बाळगले जात. शाहू महाराजांनाही या सगळ्याचा षोक होता. शिकवलेल्या चित्त्यांकडून हरणांची शिकार करविणे, हत्तींची साठमारी भरविणे हे त्यांच्या आवडीचे खेळ होते, आणि साठमारीसाठी बांधलेल्या जागेच्या खुणा कोल्हापुरात आजही दाखवतात. चरित्र लिहिणाऱ्यांपैकी काहींना ही बाजू अडचणीची वाटते व ते ती दोन ओळींत उरकतात. मला तसे करणे योग्य वाटत नाही. कारण या माणसाचे वेगळेपण कळते ते तो जुन्या राजेशाही करमणुकीत वाढला होता हे ध्यानात घेतल्यावरच. वाड्याच्या आत जे मोजक्यांसाठी होते त्यातले काही त्याने वाड्याबाहेर आणले, सगळे नव्हे.

हे बाहेर आणणे एकाएकी घडले नाही. राज्यावर आल्यावर लगेचच 1896-97 चा दुष्काळ व पाठोपाठ प्लेग यांना तोंड द्यावे लागले. त्यानंतर वेदोक्त प्रकरण उद्भवले. पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी राजाचे धार्मिक विधी वेदोक्त मंत्रांनी न होता पुराणोक्त मंत्रांनी होत असल्याचे उघडकीस आले. ज्याच्या मुद्रेने राज्य चालते त्यालाही जन्मामुळे एका उंबरठ्याबाहेर उभे केले जाते, हा अनुभव त्यांना आतून हलवणारा ठरला. राजाची ही गत, तर प्रजेतील शेतकऱ्याची, चांभाराची, महाराची काय असेल, हा विचार त्यातून पुढे आला असे मानण्यास जागा आहे. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागून जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. 26 जुलै 1902 रोजी संस्थानातील रिक्त जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला.

हा जाहीरनामा निघाला तेव्हा महाराज विलायतेत होते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी ते गेले होते. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली ती याच प्रवासात. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र पदवीपेक्षा इटलीतील मुक्काम महत्त्वाचा आहे. रोममधील प्राचीन क्रीडागारांचे अवशेष त्यांनी पाहिले. मध्यभागी खेळाची जागा, भोवती वर्तुळाकार चढत जाणारी बैठक आणि त्यामुळे सर्वांत मागे बसलेल्यालाही खेळ स्पष्ट दिसेल अशी सोय, ही रचना त्यांच्या मनात ठसली. पुष्कळ संस्थानिक युरोपात जाऊन येत, आणि येताना झुंबरे, घड्याळे व संगमरवरी पुतळे आणीत.

कोल्हापुरात परतल्यावर खासबागेच्या जागेवर कुस्तीचे मैदान उभारण्याचे ठरले. 1907 मध्ये काम सुरू झाले आणि 1912 मध्ये ते पूर्ण झाले. उद्घाटनाच्या कुस्तीत प्रसिद्ध गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन हे मल्ल समोरासमोर उभे ठाकले.

या मैदानाची रचना थोडी बारकाईने पाहू. आपल्यापैकी जे शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, कोरेगाव भीमा परिसरातून येतात त्यांना यात्रेतला कुस्त्यांचा आखाडा परिचयाचा असेल. सकाळी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या, दुपार कलली की इनामाच्या मोठ्या कुस्त्या. माणसे गोल करून बसतात, त्यांच्या मागे उभी राहतात, त्यांच्या मागे बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढतात. आणि तरीही मागच्याला काही दिसत नाही. पुढची जागा कोणाची, हे गावात सर्वांना माहीत असते. ती पाटलाची, पाहुण्याची, वर्गणी देणाऱ्याची. सपाट जमिनीवर दृष्टीचा हक्कही उतरंडीप्रमाणे वाटला जातो. खासबागेत जमीन खोदून मधला हौदा खाली ठेवला आणि भोवतालची माती उतरती रचली. खुर्च्या नाहीत, छत नाही. मातीच्या उतारावर मांडी घालून बसायचे. शेवटच्या रांगेतला माणूसही पुढच्याच्या डोक्यावरून थेट हौद्यात पाहू शकतो. हजारो माणसे एका वेळी बसतात आणि कोणाला मान उंच करावी लागत नाही. स्थापत्याच्या एका साध्या उताराने जे साधले ते एखाद्या हुकूमनाम्याने साधले नसते.

हौद्यातली मातीही अशीच विचारपूर्वक तयार होते. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद मिसळतात. मऊपणा टिकावा आणि अंगावर पडलेल्या जखमा चिघळू नयेत, हा त्यामागील हेतू.

पाहण्याची सोय झाली; पण खेळण्याची? महाराजांनी गावोगावच्या तालमींना उत्तेजन दिले, मल्लांना खुराक दिला, पंजाबसारख्या दूरच्या प्रांतांतील नामांकित पैलवान आणून स्थानिक मल्लांशी त्यांच्या जोडी लावल्या. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आखाड्यात सर्व जातींचे मल्ल उतरले. कुस्तीत अंगाला अंग भिडते. सार्वजनिक पाणवठ्यावर सावली पडली तरी विटाळ मानण्याच्या त्या काळात दोन माणसांनी एकमेकांच्या घामात, एकाच मातीत लोळावे, ही साधी घटना नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींतील मल्लांना महाराजांनी जाट, पंडित, सरदार अशी नवी नावे दिली. भाषेचा अभ्यासक म्हणून मला या नामकरणाचे विशेष कुतूहल वाटते. जातिवाचक नाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात जी उतरंड उभी राहते, ती उच्चारण्यापूर्वीच मोडण्याचा हा प्रयत्न होता. नाव बदलल्याने जात गेली नाही, हे खरे. पण मैदानात हजारो लोकांसमोर पुकारा होताना कानावर पडणारा शब्द वेगळा होता.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. तालीम हा शब्द मुळात अरबी, अर्थ शिक्षण. मराठीत येताना त्याला दोन अर्थ फुटले. एक व्यायामशाळा, दुसरा नाटकाची पूर्वतयारी. आखाडा हा शब्द संस्कृत अक्षवाट या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आलेला, आणि संस्कृतातील रंग हा शब्द नाट्यभूमीला लागतो तसाच मल्लभूमीलाही. भाषेने खेळ आणि नाटक यांना फार पूर्वीपासून शेजारी बसवले आहे. कोल्हापुरात ते इमारतींच्या रूपाने शेजारी आले. खासबाग मैदानाला लागून महाराजांनी पॅलेस थिएटर बांधविले. 1913 मध्ये काम सुरू झाले, 1915 मध्ये पूर्ण झाले. प्रेक्षागारात दृष्टीआड येणारे मधले खांब टाळले होते; येथेही मागच्याला दिसावे ही तीच काळजी. एका बाजूला मातीचा हौदा, दुसऱ्या बाजूला रंगमंच, आणि दोहोंची पाठ एकमेकांना लागलेली.

संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ. परंतु ही रंगभूमी, तिचे नाटककार, नट आणि रसिक, बहुतांशी शहरी पांढरपेशा वर्गातून येत. बहुजन समाजाची करमणूक म्हणजे तमाशा, भेदिक लावणी, गोंधळ, असा अलिखित विभाग पडलेला होता. शाहू महाराजांनी हा विभाग दोन्ही बाजूंनी ओलांडला. पठ्ठे बापूराव यांच्या तमाशाला 1908-09 च्या सुमारास त्यांनी दाद दिली. मिठाराणीचा वग त्यांच्यापुढे झाला. जन्माने ब्राह्मण असलेले श्रीधर कुलकर्णी तमाशाच्या फडात उभे राहिले म्हणून समाजाने त्यांना दूर लोटले होते, हे आपण लोकसाहित्याच्या घटकात वाचले आहे. दुसऱ्या बाजूस, मराठा समाजातील केशवराव भोसले यांच्यासारख्या नटाला त्यांचा आधार मिळाला. 1890 मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या केशवरावांचे बालपण गरिबीत गेले, शाळा फारशी झाली नाही. गळा मात्र विलक्षण. 1908 मध्ये हुबळी येथे त्यांनी ललितकलादर्श नाटक मंडळी स्थापन केली. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त मानापमानात ते बालगंधर्वांसमवेत उभे राहिले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारले. बालगंधर्वांवरही महाराजांचा लोभ होता. कानाचा विकार जडल्याने या मुलाचे गाणेच धोक्यात आले होते. त्याच्यावर मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचार झाले ते महाराजांच्या पुढाकाराने.

गायनाच्या क्षेत्रात उस्ताद अल्लादियाखाँ यांचे नाव घ्यावे लागते. 1895 च्या सुमारास ते कोल्हापूर दरबारी आले आणि महाराजांच्या निधनापर्यंत तेथे राहिले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती या वास्तव्यामुळे. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर अशी शिष्यपरंपरा त्यातून निर्माण झाली. या घराण्याचे गाणे पुढे अंबाबाईच्या देवळातही सेवेच्या रूपाने ऐकू येत असे. मुसलमान गवयाचे गाणे देवीपुढे व्हावे आणि ते देवळात आलेल्या साध्या भाविकाच्या कानी पडावे, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. त्या काळी देवळाचे दार सर्वांना उघडे नव्हते, हेही त्याबरोबर नोंदवले पाहिजे.

चित्रकार आबालाल रहिमान हे दरबारी चित्रकार होते. नाटकाचे पडदे रंगवणारे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू याच वातावरणातले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तेव्हा महाराजांचे साहाय्य त्यांना झाले; 1920 मध्ये त्यांचा सैरंध्री हा चित्रपट आला. पुढे कोल्हापूर चित्रपटांचे गाव म्हणून नावाजले गेले.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळू. हा सर्व लोकसहभाग होता की राजाश्रय? दोहोंत फरक आहे. राजाश्रयात राजा देतो व लोक घेतात. राजाची मर्जी फिरली किंवा राजा गेला की सारे थांबते. लोकसहभागात जागा, साधने आणि निर्णय हळूहळू लोकांच्या हाती जातात. शाहू महाराजांचा आरंभ राजाश्रयाचा होता, यात शंका नाही. मैदान कोठे व्हावे, कोणती जोड लागावी, कोणत्या गवयाला वर्षासन मिळावे, हे एकटा राजा ठरवीत होता. स्त्रियांना या व्यवस्थेत स्थान अत्यल्प होते. आखाडा पुरुषांचा, आणि नाटकात नायिकेचे लुगडेही पुरुषच नेसत. तरीही या राजाने जे उभे केले ते खाजगी महालात नव्हे, शहराच्या मध्यावर. मैदान आणि नाट्यगृह ही राजाबरोबर चितेवर जाणारी गोष्ट नव्हती.

शिवाय करमणुकीची दारे उघडण्याबरोबर त्यांनी इतर दारेही उघडली, आणि याविना पहिल्या कृतीला अर्थ उरला नसता. 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला. 1919 मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने, कचेऱ्या येथे अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूम निघाले. त्याच वर्षी कानपूर येथे कुर्मी क्षत्रिय परिषदेत त्यांना राजर्षी ही पदवी मिळाली. गंगाराम कांबळे या पूर्वीच्या पागेतील नोकराला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खावा लागला होता. महाराजांनी त्याला चहाचे दुकान काढून दिले आणि भर रस्त्यावर गाडी थांबवून तेथला चहा स्वतः प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. फुरसतीच्या वेळी चार माणसांनी एकत्र बसून चहा पिणे हीसुद्धा करमणूकच. आणि तिच्यात कोणाच्या हातचा पेला चालतो हा प्रश्न आखाड्यातील प्रश्नाहून वेगळा नव्हता. मार्च 1920 मध्ये माणगाव येथील परिषदेत त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला.

खाजगी आयुष्यात मात्र याच काळात मोठा आघात झाला होता. जून 1918 मध्ये धाकटे पुत्र शिवाजी रानडुकराच्या शिकारीत अपघात होऊन मरण पावले. ज्या शिकारीची आवड पित्याने लावली तिनेच मुलगा नेला. सून इंदुमतीदेवी अगदी लहान होत्या. रूढीचा विरोध बाजूला सारून महाराजांनी त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळी येथे केली. स्त्रीला आखाड्यात वा रंगमंचावर जागा देणे त्या काळात त्यांना सुचले नाही किंवा जमले नाही. घरातल्या विधवा सुनेच्या हाती पुस्तक देणे त्यांनी केले.

मधुमेहाने प्रकृती ढासळत गेली. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे. अल्लादियाखाँ पुढे मुंबईस गेले. आश्रय संपल्याची ती पहिली खूण. पण तालमी बंद पडल्या नाहीत. कोल्हापुरातील पेठांच्या तालमी आजही आहेत. त्यांतल्या कित्येक आता फुटबॉलचे संघ चालवतात, गणपती बसवतात, पुराच्या वेळी बोटी घेऊन बाहेर पडतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा संस्थान उरले नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले, गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारतासाठी पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, आणले. राजाश्रय ते लोकवर्गणी हा चार वर्षांतला बदल तुम्ही स्वतः तपासून पाहावा. माझ्या मते खासबागेच्या उतारावर बसून कुस्ती पाहिलेल्या दोन पिढ्यांशिवाय तो घडला नसता. पण हे मत आहे, सिद्ध केलेले विधान नव्हे.

पॅलेस थिएटरला पुढे केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. म्हणजे बांधणाऱ्या राजाचे किंवा राजवाड्याचे नाव जाऊन तेथे गाणाऱ्या गरीब घरच्या मुलाचे नाव आले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छत, प्रेक्षागार जळाले. पाठीला पाठ लावून असलेल्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठालाही झळ पोचली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती आणि तिच्या कार्यक्रमाची तयारी चाललेली होती. नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे त्यानंतर ठरले. मातीचा हौदा मात्र जळण्यासारखा नव्हता. तो जागच्या जागी राहिला.